दिवस भरले, कळा कुठे अडल्या?

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजले की ती तारीख निघते. ती उलटली की घरोघरी सल्ले सुरू होतात: उकिडवी बसून फरशी पूस, जिने चढ-उतर कर आणि घोटभर एरंडेल घे.

एरंडेलाची गोष्ट मोठी नवलाची. त्यातलं रिसिनोलिक आम्ल आतडी आणि गर्भाशय दोन्हींना कसं आकुंचित करतं, हे जर्मन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून 2012 मध्ये दाखवलं. प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातली किल्ली ज्या कुलपांना लागते, त्यातल्याच एकाला हे आम्लही लागतं. सुईणींचा अनुभव खोटा नव्हता! पण कळांच्या आधी जुलाब-उलट्यांनीच गर्भारशीचा जीव मेटाकुटीला येतो. घरी हा प्रयोग नकोच.

खजुराचं बरं आहे. जॉर्डनमधल्या एका अभ्यासात बायकांनी तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले. दवाखान्यात दाखल होताना त्यांच्या गर्भपिशवीचं तोंड इतरांपेक्षा जास्त उघडलेलं होतं. अभ्यास छोटा, पण उपाय गोड. मधुमेह असेल तर मात्र आधी विचारा.

एरंडेलाच्या गोष्टीतलं ते प्रोस्टाग्लँडिन मुळात सापडलं पुरुषाच्या वीर्यात. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येतं असं समजून स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी 1935 मध्ये हे नाव ठेवलं. समज चुकीचा ठरला, नाव टिकलं. पिशवीचं तोंड मऊ करणारी दवाखान्यातली जेल याच रसायनाची. त्याच कुळातली मिसोप्रोस्टॉलची गोळी तर जठराच्या अल्सरसाठी बनली होती! कळांसाठी तिचा अगदी लहानसा अंश पुरतो. काही ठिकाणी लघवीच्या नळीचा फुगाही तोंड उघडायला वापरतात, औषधाविना.

आणि सलाइनमधून देतात ते ऑक्सिटोसिन. ग्रीक अर्थ: झटपट प्रसूती. 1906 मध्ये हेन्री डेल यांनी मांजरीच्या गर्भाशयावर त्याचा परिणाम पाहिला. व्हिन्सेंट दु विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं आणि 1955 चं नोबेल मिळवलं. म्हशींनी पान्हा सोडावा म्हणून गोठ्यांत त्याचा गैरवापर होतो, या कारणाने 2018 मध्ये आपल्या सरकारने खासगी कंपन्यांना ते बनवायला मनाई केली. बाळंतिणींना ते मिळेनासं होईल ही भीती होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. फार बरं झालं, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारं पहिलं औषधही हेच.

तेव्हा तारीख उलटली तर घाबरू नका, पण तपासणी चुकवू नका. आधी सिझेरियन झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर एरंडेलाची बाटली शोधू नका, रिक्षा बोलवा.