खाण खोदण्याआधी ग्रामसभेला विचारा

परभणी जिल्ह्यातला गोदाकाठ काळ्या मातीचा असला, तरी जिंतूरची टेकाडे आणि गंगाखेडकडची बालाघाटाची रांग हे मुरमाचे आणि पाषाणाचे मुलूख आहेत. रस्ते, पूल, घरकुले यांना लागणारी खडी आणि मुरूम अशाच ठिकाणांहून येतो. त्यामुळे गावाशेजारच्या प्रस्तावित खाणीला हरकत घेणाऱ्यांवर ‘विकासाच्या आड येणारे’ असा शिक्का लगेच बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे. खाणीचा फायदा दूरवर पोहोचतो, पण खड्डा गावातच राहतो. म्हणून परवानगीआधी गावाचे म्हणणे ऐकणे ही गावावर केलेली मेहेरबानी नसून निर्णयाची पहिली अट असली पाहिजे.

गावकऱ्यांची पहिली भीती पाण्याची असते आणि भूशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या खडकाच्या भेगांत. मराठवाड्यातल्या उथळ विहिरींचे झरे बहुतेक याच थरात असतात. म्हणजे मुरूम उचलला की विहिरीची साठवणच उचलली जाते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यात पाझरणारे पाणी पंपाने उपसून बाहेर टाकावे लागते आणि ते पाणी आजूबाजूच्या विहिरींच्या वाट्याचे असते. दुसरी भीती घराची आणि पिकाची. सुरुंगाचा हादरा माती-दगडाच्या माळवदाला सोसत नाही. क्रशरची भुकटी तुरीच्या, कपाशीच्या पानांवर बसते आणि माणसांच्या छातीतही जाते.

असे असताना कायद्यात गावाला जागा किती? सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार प्रकरणात खडी-मुरमासारख्या गौण खनिजांच्या पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. हे पाऊल मोठे होते. मात्र 15 जानेवारी 2016 च्या केंद्राच्या अधिसूचनेने पाच हेक्टरपर्यंतच्या एकट्या खाणीला जनसुनावणीतून मोकळे ठेवले. पाच हेक्टर म्हणजे सुमारे साडेबारा एकर. एवढी खाण गावठाणाशेजारी आली, तर कोरडवाहू गावाचे पाणी विस्कटायला ती पुरेशी आहे. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने गौण खनिजांच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आवश्यक केली आहे. परभणी त्या क्षेत्रात नाही. पण वाळूगटांच्या लिलावाआधी ग्रामसभेला विचारण्याची पद्धत राज्याच्या वाळू धोरणांनीच रूढ केली. नदीतल्या वाळूसाठी गावाला विचारायचे आणि घराशेजारच्या सुरुंगासाठी मात्र नाही, याला कोणता तर्क आहे?

यावर पहिला आक्षेप असा, की प्रत्येक गाव नकारच देईल आणि खडी मिळणार नाही. पण शिफारस म्हणजे अंतिम शब्द नव्हे. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांनीच घ्यावा. अट एवढीच, की ग्रामसभेच्या प्रत्येक हरकतीला लेखी, कारणांसह उत्तर द्यावे. असे उत्तर देणे जड जाईल, ती जागाच बहुधा चुकीची असेल. दुसरा आक्षेप असा, की ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला असतोच. तो असला, तरी काही सदस्यांनी मासिक बैठकीत दिलेला दाखला आणि सर्व मतदारांच्या ग्रामसभेचा ठराव यांत फरक आहे. तिसरा मुद्दा रोजगाराचा. पोकलेन, ब्रेकर आणि हायवा यांवर चालणाऱ्या खाणीत गावातल्या किती हातांना काम मिळते, हे ठेकेदाराने ग्रामसभेतच सांगावे. खाणीत खरेच गावाचे हित असेल, तर ते सर्वांसमोर मांडायला भिण्याचे कारण नाही.

ग्रामस्थांनीही केवळ घोषणांवर थांबू नये. खाणीचा गट क्रमांक, गावठाणापासूनचे अंतर, जवळच्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी, शाळा आणि रस्ता यांची मोजमापे ठरावात नोंदवावीत, त्याची पोच घ्यावी आणि प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावी. आकड्यांसह केलेली हरकत फेटाळणे अवघड असते. शासनाने वाळूला लावलेला न्याय खडी आणि मुरमालाही लावावा, आणि तोवर गावांनी आपली ग्रामसभा ओस पडू देऊ नये.