मुंबई-पुणे प्रवास : भाड्याआधी तब्येत बघा

मुंबईहून पुण्याला जाताना आपण वेळ आणि भाडे बघतो, बरोबरच्या माणसांची तब्येत क्वचितच. मधुमेही, गरोदर किंवा वयस्कर कुणी असेल तर रेल्वेच बरी. डब्यात स्वच्छतागृह असते (कसे असते, ते सोडा!), उठून चार पावले चालता येते. बस मध्येच थांबवायला नको म्हणून अनेकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात ते अंगाशी येते.

गाडी लागत असेल तर बोरघाटाच्या वळणांवर मोबाइल ठेवून द्या, नजर समोर लांबवर असू द्या. आतला कान ‘आपण हलतोय’ म्हणतो आणि पडद्यावर खिळलेले डोळे ‘नाही’ म्हणतात. मळमळते ते त्यामुळे. बसमध्ये पुढची जागा घ्यावी.

मोटार सोयीची खरी, पण चालवणाऱ्याचे काय? दिवसभर काम करून रात्री द्रुतगती मार्गावर निघणे धोक्याचेच. रात्री २ ते पहाटे ५ या वेळात झोप अनावर होते; काच खाली करून, गाणी मोठ्याने लावून ती जात नाही. पापण्या जडावल्या की फूड मॉलवर गाडी लावून २० मिनिटे झोपावे. दुसरा चालवणारा नसेल, तर सकाळची इंद्रायणी आहेच.