शिमोनोसेकीचा नीलकंठ

६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत भारत पॅलेस्टाईनकडून ४-२ असा हरला. फुटबॉलचा मैत्रीपूर्ण सामना, त्यात हार. एरवी कुणी लक्षातही ठेवला नसता. पण त्या दिवशी तिशी गाठलेला एक खेळाडू पहिल्यांदाच भारताची जर्सी घालून उतरला. जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा, आई जपानी, वडील गुजराती. मैदानावर तो अराता इझुमी, नव्या पासपोर्टावर नीलकंठ खंभोळजा.

जपान आणि सिंगापुरात खेळून तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला, पण त्याचं बस्तान बसलं महाराष्ट्रात. आधी मुंबईचा महिंद्र युनायटेड, मग २००९पासून पुणे एफसी. बालेवाडीत त्याने मधल्या फळीत खेळून आक्रमणाची सूत्रं सांभाळली. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये प्रशिक्षक डेरिक परेरांचा हा पुण्याचा संघ चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. पुढे महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसी हे दोन्ही क्लब बंद पडले. उद्योगसमूहाच्या पैशावर चालणाऱ्या फुटबॉलचं आपल्याकडे असंच होतं.

बाप भारतीय, पोरगा वर्षानुवर्षं इथे खेळतोय, मग भारताकडून खेळायला अडचण कसली? अडचण कायद्याची. परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड, म्हणजे ओसीआय, मिळालं तरी मतदान करता येत नाही, आणि २००८च्या अखेरच्या सरकारी धोरणानुसार देशाकडून खेळताही येत नाही. स्क्वॉशपटू कर्म कुमारच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये हेच धोरण उचलून धरलं. दुहेरी नागरिकत्व भारताला मान्य नाही. जपानचा कायदाही तितकाच कडक: स्वखुशीने दुसरं नागरिकत्व घेतलं की जपानचं आपोआप जातं. जगात जवळपास कुठेही सहज चालणारा पासपोर्ट सोडून त्याने आपला घेतला. भारताच्या वाट्याला तो आला तेव्हा मात्र उमेदीची वर्षं क्लबांकडे खर्ची पडली होती. मला यात त्याच्या त्यागापेक्षा आपल्या व्यवस्थेचा संथपणा जास्त दिसतो.

यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर, काळ्या मातीत बूट फसवत खेळणाऱ्या पोरांना ही कथा दूरची वाटेल. पण पासपोर्ट नावाची भिंत विदर्भाला नवी नाही. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या नागपूरच्या विजय बारसेंच्या कामावर आधारलेल्या, नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) रिंकू राजगुरूने रंगवलेली आदिवासी मुलगी आणि तिचा बाप पासपोर्टाच्या कागदांसाठी दारोदार हिंडतात. झरी-जामणी, मारेगावच्या कोलाम पोडांवर जाऊन जातीचा दाखला काढायला किती खेटे पडतात ते विचारा, म्हणजे सिनेमात फार काही वाढवून सांगितलेलं नाही हे पटेल. तिकडे दोन देशांपैकी एक सोडायचा, इकडे एकुलत्या देशाचे आपण आहोत हे सिद्ध करायचं. कार्यालय दोघांनाही कागदच मागतं.

इझुमी नंतर एटीके, पुणे सिटी, केरला ब्लास्टर्सकडून इंडियन सुपर लीग खेळला. निवृत्तीनंतर जपानला परतला असता तर कुणी बोल लावला नसता. तो नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांचा प्रशिक्षक झाला.

त्याच्यानंतर या वाटेने बराच काळ कुणी फिरकलं नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तिथला पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. आईचं घराणं मुंबईचं अँग्लो-इंडियन, आजोबा १९५०च्या दशकात मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले. विल्यम्सचं वय तेव्हा ३२ होतं.