टोरेंट लावलं की कॉम्प्युटर हँग? नेटवाल्याला फोन करण्याआधी हार्ड डिस्क तपासा

बऱ्हाणपूर : फॉर्म भरायची शेवटची तारीख, दुकानात चार पोरं रांगेत उभी आणि स्क्रीनवर नुसतं निळं वर्तुळ फिरतंय. माउस हलतो, पण काही उघडत नाही. डब्यातून घर्रर्र आवाज. अशा वेळी आपण आधी नेटवाल्याला फोन लावतो, नाहीतर विंडोज नव्याने टाकायला निघतो. पण मागे टोरेंट चालू असेल, तर बहुतेक वेळा नेटचा दोष नसतो. हार्ड डिस्कचा दम संपलेला असतो.

असं होतं कशामुळे?

टोरेंटमध्ये फाइल एका सर्व्हरवरून न येता अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यांत येते. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने ही पद्धत २००१ मध्ये आणली. तुकडे ओळीने येत नाहीत; आधी शेवटचा, मग मधला, मग पहिला, असं काहीही. त्याच वेळी दुसरे लोक तुमच्याकडचे तुकडे मागत असतात.

हार्ड डिस्क म्हणजे कापडाच्या गोदामातला एकटा माणूस समजा. एकाच ताग्यातून शंभर मीटर मापायला सांगितलं, तर तो झरझर मापेल. पण पन्नास गिऱ्हाइकांनी पन्नास ताग्यांतलं एकेक मीटर मागितलं, तर त्याचा दिवस शिडी चढण्या-उतरण्यातच जाईल.

हिशेब करून बघा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला नवीन जागा गाठायला साधारण १२-१३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० उड्या. टोरेंटची मागणी १६ केबीच्या तुकड्यांत होते. एका उडीत एक तुकडा धरला तर सेकंदाला सव्वा एमबीच झाले. सलग वाचताना हीच डिस्क १०० एमबीच्या पुढे जाते. इकडे १०० एमबीपीएसचं फायबर सेकंदाला साडेबारा एमबी ओततं. जुन्या २ एमबीपीएसच्या लाइनवर पाव एमबीच यायचा, म्हणून तेव्हा हा त्रास जाणवत नव्हता. नेट धावायला लागलं, डिस्क तीच राहिली.

हे टाळायला सॉफ्टवेअर आलेले तुकडे आधी रॅममध्ये साठवतं आणि मग एकदम लिहितं. या साठ्याला कॅश म्हणतात. ती भरली की म्यूटोरेंटमध्ये खाली ‘डिस्क ओव्हरलोडेड’ असा इशारा येतो.

आधी खात्री करा

१. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिस्क’ या रकान्यावर क्लिक करा. सगळ्यात वर टोरेंटचं नाव आलं, तर चोर सापडला.

२. टोरेंट पूर्ण बंद करा. नुसती खिडकी बंद केली तर ते घड्याळाशेजारी लपून चालूच राहतं. फाइल मेनूतून ‘एक्झिट’ करा आणि दोन-चार मिनिटं थांबा.

३. तरीही डिस्क १०० टक्केच दिसत असेल, तर विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरस चालू आहे का ते बघा. तेही नसेल तर डिस्कच खराब होत असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. त्यात ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं, तर बाकी सगळं सोडून आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा. डिफ्रॅग करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढे श्रमही झेपत नाहीत.

डिस्क ठीक असेल तर हे करा

एका वेळी एक-दोनच डाउनलोड चालू ठेवा. दहा लावल्याने काम लवकर होत नाही, उलट शिडीची चढ-उतर वाढते.

सेटिंगमध्ये एकूण कनेक्शन १०० च्या आसपास आणि एका टोरेंटला ३०-४० ठेवा. कामाच्या वेळी डाउनलोड आणि अपलोड दोन्हींच्या वेगाला मर्यादा घाला. मोठी कामं रात्री दुकान बंद झाल्यावर लावा.

‘प्री-अलोकेट’ हा पर्याय चालू करा. त्यामुळे पूर्ण फाइलची जागा आधीच राखली जाते आणि फाइल डिस्कवर फार विखुरत नाही.

कॅश वाढवता येते. ४ जीबी रॅम असेल तर १२८ ते २५६ एमबी पुरे. मात्र लाइट गेली की कॅशमधलं न लिहिलेलं जातं, म्हणून यूपीएस हवाच. लाइट गेल्यानंतर टोरेंट सगळी फाइल पुन्हा तपासतं. तेव्हा डिस्क १०० टक्के दिसणारच. ते पूर्ण होऊ द्या.

‘सी’ ऐवजी ‘डी’ ड्राइव्हवर डाउनलोड टाकलं की झालं, असं अनेकांना वाटतं. पण सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे भाग असतात. खोल्या दोन, माणूस एकच. वेगळी डिस्क लावली तरच फरक पडतो.

अँटिव्हायरस मात्र बंद करू नका. वेग मिळेल, पण व्हायरसही घरात येईल.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे विंडोजसाठी एसएसडी. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे उड्यांचा प्रश्नच नाही. जुनी डिस्क फक्त साठवणीला वापरा. एसएसडीला डिफ्रॅग करायची गरज नाही.

हेही लक्षात ठेवा

टोरेंट हे तंत्र बेकायदेशीर नाही. उबुंटूसारखी मोफत सिस्टीम अधिकृतपणे टोरेंटने मिळते. पण परवानगी नसलेला सिनेमा किंवा सॉफ्टवेअर घेणं कॉपीराइट कायदा, १९५७ च्या विरोधात आहे. आणि टोरेंटमध्ये तुम्ही घेता घेता वाटतही असता.

फोटो स्टुडिओवाले आणि ऑनलाइन केंद्रवाले यांनी तर कामाच्या कॉम्प्युटरवर टोरेंट ठेवूच नये. सिनेमा पुन्हा मिळेल. गिऱ्हाइकाच्या लग्नाचं शूटिंग डिस्कबरोबर गेलं, तर ते लग्न पुन्हा लागणार नाही. म्हणून कामाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आजच काढून ठेवा.