संगणक का रेंगाळतो?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आज आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, बहुधा कोणाकडून तरी जुना घेतलेला, एक संगणक असतो आणि त्याच्याविषयीची तक्रारही ठरलेली असते. बटण दाबावे, गॅसवर आधण ठेवावे, चहा पिऊन कपही विसळून व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतच असते. दुरुस्तीच्या दुकानात नेला की उत्तर मिळते, "जुना झालाय, नवा घ्या." आमच्या घरीही हेच उत्तर आले होते. ज्या घरात वडील यंत्रमागावर काम करतात आणि कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेथे 'नवा घ्या' हे दोन शब्द फार महाग पडतात. म्हणून यंत्र खरोखरच म्हातारे झाले आहे, की त्याच्या मानेवर नको तितकी मंडळी बसली आहेत, हे आधी पाहावयास हवे.

संगणक सुरू होताना आत काय घडते? आत एक कपाट आहे, ते हार्ड डिस्क. आणि एक कामाचे टेबल आहे, ते रॅम. कपाटातील वस्तू टेबलावर आणल्याशिवाय काम होत नाही. जुन्या यंत्रात टेबल लहान, पुष्कळदा 4 जीबीचे. आणि कपाट म्हणजे फिरती तबकडी. ही तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि ग्रामोफोनच्या सुईसारखी एक भुजा तिच्यावरून इकडेतिकडे सरकते. भुजेने नव्या जागी जावे आणि हवी ती माहिती तिच्याखाली यावी, एवढ्यास साधारण 10 ते 15 सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे एका सेकंदात जेमतेम 70 ते 100 जागा. ऐकावयास हे वेगवान वाटते. पण तेवढ्यात प्रोसेसर काही कोटी क्रिया उरकून हात बांधून बसलेला असतो. आता विंडोजच्या स्वतःच्या फायली यावयाच्या आहेत आणि त्याच क्षणी आणखी वीस प्रोग्रॅम "आधी माझे, आधी माझे" म्हणून त्या एकट्या भुजेला ओढीत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रेंगाळणे ते हेच. पुढे टेबल भरले की विंडोज त्यावरील काही सामान पुन्हा कपाटात ठेवते आणि लागेल तेव्हा परत काढते. मग संगणक सुरू होऊनही दिवसभर कण्हत राहतो.

हे वीसजण येतात कोठून? आपणच त्यांना घरात घेतलेले असते. एखादा प्रोग्रॅम बसविताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो आणि तो आपले नाव विंडोजच्या एका यादीत घालून ठेवतो. त्या यादीतील प्रत्येक प्रोग्रॅम संगणकाबरोबर आपोआप सुरू होतो. कंपनीचे यात साधते. आपण तिच्या चित्रावर टिचकी मारताच प्रोग्रॅम झटकन उघडतो व आपण खूश होतो. त्या झटकेपणाची किंमत मात्र बाकी सगळ्या कामांनी मोजलेली असते. सोलापूरच्या वाचकास हे सांगणे सोपे आहे. कारखान्यात आठ माग आहेत, सूत दोनच मागांवर चढले आहे आणि उरलेले सहा नुसतेच खडखडत ठेवले आहेत. कापड निघत नाही, मीटर फिरते. एकेक माग पाहिला तर 'एवढ्याने काय होते' असेच वाटेल, आणि नेमके तेच फसवे आहे.

पडद्याआड काम करणे हे मुळात वाईट नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1963 च्या सुमारास अशा अदृश्य प्रोग्रॅमना 'डीमन' हे नाव पडले, ते पदार्थविज्ञानातील मॅक्सवेलच्या कल्पित राक्षसावरून. न दिसता अखंड राबणारा तो. आपल्याकडे राबणारेही आहेत आणि विक्रमाच्या खांद्यावर बसून नुसती बडबड करणारे वेताळही आहेत. निवड करावयाची ती एवढीच.

ती करण्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. लहानशी चौकट दिसली तर 'मोअर डिटेल्स' दाबावे. त्यातील 'स्टार्टअप' हे पान 2012 च्या विंडोज 8 पासून तेथे आहे. तेथे प्रत्येक नावापुढे त्याचा भार लिहिलेला असतो. सुरू होताना एक सेकंदाहून अधिक प्रोसेसर किंवा 3 एमबीहून अधिक डिस्क खाणाऱ्यास 'हाय' म्हणतात. नाव निवडून 'डिसेबल' केले की तो आपोआप येणे थांबतो. प्रोग्रॅम पुसला जात नाही. हवा तेव्हा उघडता येतो, आणि 'एनेबल' करून पुन्हा यादीत घेता येतो. एका वेळी दोन-तीनच बंद करावेत, वहीत नावे लिहावीत, संगणक पुन्हा सुरू करून घड्याळ पाहावे. गाण्यांचे व खेळांचे प्रोग्रॅम, प्रिंटरचे मदतनीस, 'नवी आवृत्ती आली का' एवढेच पाहत बसणारे, यांना खुशाल रजा द्यावी. क्रोम तर खिडकी मिटल्यावरही मागे राहू शकतो. त्यास त्याच्याच सेटिंग्जमधील 'सिस्टीम' या भागात रोखता येते.

मात्र सरसकट कत्तल नको. विषाणूंपासून राखण करणारा, आवाजाचा व टचपॅडचा, यांना हात लावू नये. वनड्राइव्हमध्ये ज्याचे टिपण ठेवलेले आहे, त्याने तोही ठेवावा. आणि आपल्या मराठी लोकांचा एक खास पाहुणा आहे: टंकलेखनाचा प्रोग्रॅम. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम असो की श्रीलिपी, कळ दाबताच देवनागरी अक्षर उमटावे म्हणून त्याला पडद्याआड जागे राहावेच लागते. तो बंद करून मग 'मराठी गेली' म्हणून ओरड करणारे मी पाहिले आहेत. पण यातही एक तोड आहे. ज्यांचे काम युनिकोडमध्ये चालते त्यांच्यासाठी विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मुळातच आहे आणि 2019 च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून रोमन अक्षरांवरून मराठी लिहिण्याची सोयही घरचीच झाली आहे. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला बसवून ठेवावा?

'प्रोसेसेस' हे शेजारचे पान पाहून पुष्कळजण घाबरतात, कारण तेथे 'सर्व्हिस होस्ट' हे एकच नाव पन्नास-साठ वेळा दिसते. हा विषाणू नव्हे. पूर्वी अनेक सेवा एकाच गाडीत कोंबल्या जात. 2017 पासून 3.5 जीबीहून अधिक रॅम असलेल्या यंत्रात बहुतेकींना वेगळी गाडी मिळाली, म्हणून गर्दी दिसते. त्यांच्या वाटेस जाऊ नये. बाहेरच्या कंपन्यांच्या सेवा पाहावयाच्या तर 'एमएसकॉन्फिग' उघडून मायक्रोसॉफ्टच्या सेवा झाकण्याच्या चौकोनात खूण करावी. उरतील त्याच तपासाव्यात. आणि 'संगणक दसपट वेगवान करू' म्हणणारे फुकटचे सफाई प्रोग्रॅम तर मुळीच आणू नयेत. त्यातील पुष्कळ स्वतःच त्या यादीत जाऊन बसतात!

आमच्या घरच्या यंत्राची यादी अठरावरून सहावर आली आणि सुरू होण्याचा वेळ अर्ध्याहून कमी झाला. पण याहून अधिक या उपायाकडे मागू नये. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. ती उणीव यादी छाटून भरून येत नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सोय लागते आणि बरीच जुनी यंत्रे तेथेच अडतात. मंदपणापुरते बोलावयाचे तर दुकानदारास नव्या संगणकाऐवजी एसएसडीची किंमत विचारावी. तीत तबकडी नाही आणि भुजाही नाही, त्यामुळे हवी ती जागा सुमारे दशांश सहस्रांश सेकंदात सापडते. जुनी तबकडीही फेकावी लागत नाही. एका लहान डबीत घालून ती बाहेरून जोडता येते आणि जुनी छायाचित्रे व टिपणे ठेवण्यास चालते.