मनोविकार : निदान, उपचार आणि घरच्यांचे काम

२०१८ सालचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार डॉ. भरत वाटवानी यांना मिळाला, ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. रस्त्यावर बेवारस भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, त्यांच्यावर उपचार करून त्यांना स्वतःच्या घरी पोहोचविण्याच्या कार्याबद्दल तो देण्यात आला. या कार्याचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या दहिसरमध्येच पार पडला, हे मात्र आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित माहीत नसेल.

१९८८ च्या सुमाराची गोष्ट. डॉ. वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता, दोघेही मनोविकारतज्ज्ञ, एका हॉटेलात बसले होते. रस्त्याच्या पलीकडे एक तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना त्यांना दिसला. दोघांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेले व औषधे सुरू केली. तो सुधारू लागल्यावर कळले, की तो विज्ञान शाखेचा पदवीधर असून त्याचे घर आंध्र प्रदेशात आहे. घरच्यांना कळविण्यात आले आणि तो परत गेला. यातूनच ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. १९९७ मध्ये संस्थेने दहिसरला सुमारे वीस रुग्णांची सोय असलेले केंद्र काढले. शेजारच्या रहिवाशांनी त्यास विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. पुढे २००६ पासून कर्जतजवळ मोठे केंद्र सुरू झाले. पुरस्कार मिळेपर्यंत काही हजार रुग्ण आपापल्या घरी पोहोचले होते.

विरोध करणारे लोक दुष्ट होते असे मला वाटत नाही. ‘वेडे’ आपल्या गल्लीत नकोत, असे सुशिक्षित माणसालाही वाटते, कारण मनोविकार म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून आधी तेच पाहू.

रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता हा आजार असतो. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. रुग्णाला कोणी नसताना आवाज ऐकू येतात. हे आवाज त्याच्याविषयी बोलतात, शिव्या देतात, हुकूम सोडतात. यांना भास म्हणतात. शेजारी विष घालत आहेत, पोलीस मागे लागले आहेत, रेडिओवरून आपल्याबद्दलच बोलले जात आहे, अशा खोट्या पण अतिशय ठाम समजुती होतात, त्यांना भ्रम म्हणतात. ही लक्षणे लोकांच्या नजरेत तरी भरतात. परंतु कितीतरी रुग्णांत आधी वेगळेच घडते. मुलगा कॉलेजात जाईनासा होतो, अंघोळ टाळतो, मित्र सोडतो, खोलीत एकटा बसतो. घरचे त्याला आळशी ठरवितात, आणि यात वर्ष दोन वर्षे निघून जातात. मेंदूतील पेशी एकमेकींना ज्या रासायनिक द्रव्यांनी निरोप देतात त्यांच्यात, विशेषतः डोपामाइनमध्ये बिघाड झालेला असतो. काही अंशी आनुवंशिकता असते, काही अंशी परिस्थितीचा ताण असतो, आणि गांजाच्या व्यसनाने हा आजार होण्याचा धोका वाढतो. आईच्या लाडाने किंवा कोणाच्या करणीने तो होत नाही.

याहून कितीतरी अधिक लोकांना उदासीनता, ज्याला आपण डिप्रेशन म्हणतो, ती होते. चार दिवस मन खट्टू होणे म्हणजे डिप्रेशन नव्हे. दोन आठवडे वा अधिक काळ रोज मन खिन्न असणे, कशातच रस न वाटणे, पहाटे लवकर जाग येणे, भूक जाणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे आणि मरणाचे विचार येणे, ही तिची लक्षणे. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, ती डोके जड, अंगदुखी, छातीत धडधड अशा तक्रारींचे रूप घेऊन येते आणि बाई वर्षानुवर्षे टॉनिक घेत राहते. बाळंतपणानंतरही हा आजार होतो. उन्माद आणि उदासीनता आळीपाळीने येणारा विकार निराळा. त्यात माणूस काही आठवडे झोपेविना उत्साहाने फिरतो, कर्ज काढून खरेदी करतो, आणि नंतर कोसळतो. पुन्हा पुन्हा हात धुणे, कडी तपासणे हा मंत्रचळ होय. चिंताविकार, दारूचे व्यसन, म्हातारपणचा स्मृतिभ्रंश यांचाही उपचार मनोविकारतज्ज्ञ करतात. यांतील प्रत्येकावर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

हे प्रमाण किरकोळ नाही. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून होते.

आता निदानाकडे वळू. सर्वांत अधिक गैरसमज येथेच आहेत. “एवढे पैसे घेतले आणि साधा एक्स-रे पण नाही काढला,” अशी तक्रार नातेवाईक करतात. पण स्किझोफ्रेनिया किंवा डिप्रेशन दाखविणारी रक्ताची तपासणी नाही, आणि स्कॅनमध्येही ते दिसत नाहीत. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, फिट्स, मेंदूतील गाठ यांमुळेही माणूस विचित्र वागू शकतो. वृद्ध माणूस एका रात्रीत बरळू लागला तर बहुधा शरीरातच बिघाड असतो आणि त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. हे सर्व बाजूला सारल्यावर उरते ती हकीकत. लक्षणे कधी सुरू झाली, किती काळ टिकली, झोप, भूक, काम आणि नाती यांवर काय परिणाम झाला, घराण्यात पूर्वी कोणाला असे झाले होते का, हे डॉक्टर विचारतात. मग ते रुग्णाशी बोलून त्याचे विचार, भावना, स्मरण आणि भान तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक विकाराची लक्षणे व कालावधी ठरवून दिलेला आहे, त्याच्याशी हे ताडून पाहतात.

याचा अर्थ असा, की घरच्यांनी सांगितलेली हकीकत हीच येथे तपासणी आहे. हृदयविकारात ई.सी.जी.चे जे स्थान, ते येथे आईच्या किंवा बायकोच्या सांगण्याचे. आपल्याच आजाराची जाणीव नसणे हे स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण असल्यामुळे रुग्ण स्वतः बहुधा “मला काही झाले नाही” असेच म्हणतो. आणि आपण काय करतो? मुलीचे लग्न अडेल म्हणून थोरल्या भावाचा आजार लपवितो. डॉक्टरांनाही अर्धेच सांगतो. किंवा लग्न करून दिले की ठीक होईल, असे म्हणून दुसऱ्याच्या लेकीला त्यात ओढतो. रस्त्यावरच्या रुग्णाजवळ तर सांगणारे कोणीच नसते. अशा वेळी डॉक्टर डोळ्यांना दिसते त्यावरून उपचार सुरू करतात. काही आठवड्यांनी भास ओसरले की रुग्ण स्वतःच आपले नाव सांगतो, मग गाव, मग तालुका. सहसा पत्ता मिळतो तो असा, औषधानंतर.

ही औषधे फार जुनी नाहीत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा मनोरुग्णांवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला होता. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन वापरात आले आणि खऱ्या अर्थाने बदल झाला. त्याआधी अनेक रुग्णांचे सारे आयुष्य मनोरुग्णालयाच्या भिंतीआड जाई. आपल्याकडे ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. आज बहुसंख्य रुग्ण ओ.पी.डी.त येतात, गोळ्या घेऊन घरी जातात आणि कामावरही जातात.

गोळ्या घेताना दोन गोष्टी मनात पक्क्या असाव्यात. एक, गुण यायला वेळ लागतो. डिप्रेशनच्या गोळीला दोन ते चार आठवडे लागतात, चौथ्या दिवशी डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही. दुसरी, बरे वाटले म्हणून गोळी बंद करायची नसते. डिप्रेशनमध्ये बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने आणि स्किझोफ्रेनियात वर्ष दोन वर्षे, काहींना त्याहूनही पुष्कळ अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते. उच्च रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. झोप येणे, हात कापणे, अंग ताठरणे, वजन वाढणे असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगावेत, मात्रा किंवा औषध बदलता येते. जो रुग्ण गोळ्या थुंकून टाकतो त्याला ठरावीक मुदतीने इंजेक्शन देता येते. सौम्य उदासीनता व चिंताविकारात समुपदेशन व मानसोपचार यांचा औषधाइतकाच उपयोग होतो.

विजेच्या उपचाराची भीती सिनेमांनी वाढविली आहे. तीव्र उदासीनतेत, रुग्ण जेवणखाण सोडून जिवावर उदार झाला असता, तो प्राण वाचवितो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २०१८ पासून अमलात आहे, भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास बंदी घातली. रुग्णाला साखळीने बांधण्यासही याच कायद्याने मनाई आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले होते. वाटेवर भटकणारा मनोरुग्ण दिसल्यास त्याला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे, हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य ठरले आहे. तेव्हा असा माणूस दिसला तर दगड मारणाऱ्या मुलांना हटकावे आणि पोलीस ठाण्यास कळवावे.

१९५६ नंतर आपण भगत आणि देवऋषी सोडले, असे आपण अभिमानाने म्हणतो. बव्हंशी ते खरेही आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. पण आपल्यातील काही कुटुंबे आता रुग्णाची औषधे बंद करून त्याला थेट दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवितात, त्याबद्दल बोलणे भाग आहे. गोराईचा पॅगोडा आपल्याला जवळ, इगतपुरीही दूर नाही, आणि हेतू चांगलाच असतो. परंतु शिबिराच्या प्रवेश अर्जात मनोविकाराविषयी प्रश्न विचारलेला असतो, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये, अशी सूचना या केंद्रांनीच दिलेली आहे. अर्जात खोटे लिहून रुग्णाला आत बसविणे म्हणजे त्याचा आजार उसळू देणे होय.

विद्यार्थी मित्रांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे लिहितो. एखादा मित्र मरणाची भाषा करू लागला, तर “असे विचार येतात का?” असे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे. ‘गुपित ठेव’ असे त्याने सांगितले असले तरीही सांगावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

पालिकेच्या केईएम, नायर, शीव व कूपर या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. दहिसरहून लोकलने जाणाऱ्यांना विलेपार्ल्याचे कूपर किंवा मुंबई सेंट्रलचे नायर सोयीचे. पहिल्या खेपेस रुग्णासोबत त्याच्याबरोबर रोज राहणारे माणूस जावे, केवळ इंग्रजी येते म्हणून पुतण्याला पाठवू नये. लक्षणे कोणत्या महिन्यात सुरू झाली हे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावे. पूर्वी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही पिशवीत टाकावीत. औषधाचे नाव कोणाला आठवत नसले तरी पाकिटावर ते छापलेले असते.