दोन्हीकडचा हिशेब ठेवणारा मीटर

घराच्या दाराजवळ, भिंतीवर एक लहानशी पेटी असते. घरात किती वीज आली, हे ती मुकाट्याने मोजीत असते. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले म्हणजे एक युनिट वीज खर्ची पडते आणि अशा युनिटांवरून महिन्याचे बिल तयार होते. पूर्वी वीज तारेतून घरात येई. घरातून बाहेर जात नसे. त्यामुळे ह्या मोजणीत फारसा गुंता नव्हता.

छपरांवर सौर पॅनेल बसू लागली आणि हा एकेरी व्यवहार पालटला. भर दुपारी घरातील माणसे शाळेत, कामावर गेलेली असतात. वापर थोडा आणि ऊन कडक. मग उरलेली वीज तारेवाटे गावाच्या वीजजाळ्यात शिरते व शेजारच्या घरांतील पंखे फिरविते. सूर्य मावळला, की तेच घर जाळ्यातून वीज घेऊ लागते.

आता मोजणाराच चुकला तर? जुन्या मीटरात ॲल्युमिनियमची एक चकती असे. वीज आत आली की ती सुलट फिरे. वीज बाहेर जाऊ लागली की उलट फिरे आणि आकडे मागे सरकत. तसे होऊ नये म्हणून कित्येक मीटरांत अटकाव बसविलेला असे. पुढे आलेल्या काही इलेक्ट्रॉनिक मीटरांची तऱ्हा याहून निराळी होती. वीज कोणत्या दिशेने वाहते हे न पाहता ते सारी वीज घरमालकाच्या नावे खर्ची टाकीत. तारा उलट्या जोडून वीज चोरणाऱ्यांवर हा उपाय होता खरा. परंतु ज्याने वीज दिली, त्यानेच तिचे पैसे भरावे, हा न्याय अजबच म्हणावा लागेल!

म्हणून अशा घरांना ‘नेट मीटर’ लागतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने छपरावरील सौर यंत्रणांसाठी त्याचे विनियम २०१५ साली केले. हा मीटर वाण्याच्या वहीप्रमाणे घेतलेल्या आणि दिलेल्या विजेच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवतो. महिन्यात १८० युनिट घेतले व १५० दिले, तर स्थिर आकाराखेरीज ३० युनिटांचेच पैसे द्यावे लागतात. दिलेले अधिक भरले, तर ते पुढील महिन्याच्या खाती जमा होतात.

मात्र पॅनेलांपासून थेट घरातल्या दिव्यांना व पंख्यांना गेलेली वीज नेट मीटरच्या वाटेवर येतच नाही. ती कळावी म्हणून पॅनेलांच्या वाटेवर दुसरा, निर्मिती मोजणारा मीटर लावतात. त्याने ३२० युनिट दाखविले, तर दिलेले १५० वजा जाता १७० युनिट घरातच खपले. त्यांत बाहेरून घेतलेले १८० मिळविले, की घराचा खरा वापर निघतो. तो ३५० युनिटांचा. बिलावर मात्र ३० युनिटच दिसतात.